शनिवारचे दोन तास नववी-दहावीलाही द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बडोद्याहून लिहितेय. दांडिया बाजारच्या बाजूला माझं स्टेशनरी-झेरॉक्सचं दुकान आहे, समोरच एक ग्रँटेड, म्हणजे सरकारी अनुदानावरचं, हायस्कूल आहे, मी त्याच शाळेत शिकले आणि आता माझी मुलगी तिथे नववीत आहे. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण जे सांगणारेय ते काही एकाच शाळेचं नाही, दुकानावर येणारे दुसऱ्या शाळांचे पालकही हेच बोलतात, आणि तिथले सर-बेन (बेन म्हणजे बाई) आमच्या रोजच्या ओळखीतले आहेत, त्यांना नाव घेऊन उभं करायचं माझ्या मनात नाही. पहिली ते आठवीला शनिवारी दप्तर बंद झालं, तसे शनिवारचे दोन तास नववी-दहावीलाही खेळ-कलेसाठी मोकळे द्या, एवढंच म्हणणं आहे. कोणीतरी लिहायला पाहिजे म्हणून लिहितेय. पत्र मोठं झालंय, सांभाळून घ्या.

शाळेत काय चाललंय ते दुकानात बसून बरोबर कळतं. काही वर्षांपूर्वीपर्यंत विज्ञान मेळ्याच्या आठवड्यात माझ्याकडे पोरांची रांग लागायची, चार्टपेपर द्या, थर्माकोल द्या, फेव्हिकॉल, बारीक वायर, पेन्सिल सेल, लाल स्केचपेन फक्त लालच पाहिजे, आणि मग तिथेच काउंटरला टेकून दोघांत भांडण की ज्वालामुखी करायचा की पवनचक्की. आता नववी-दहावीची मुलं येतात ती एकच मागायला, "मासी, आयएमपीची झेरॉक्स काढून द्या ना". आयएमपी म्हणजे परीक्षेला येतील असे महत्त्वाचे प्रश्न. गणिताची आयएमपी, सायन्सची आयएमपी, मागच्या वर्षांचे पेपर, ट्यूशनचं मटेरियल. चाळीस पानं, साठ पानं. माझा गल्ला या झेरॉक्सवरच भरतो, चार्टपेपरवर नाही भरत, तरी सांगते मला हे बघवत नाही. पंधरा वर्षांचा मुलगा सकाळी शाळा, दुपारी ट्यूशन, संध्याकाळी माझ्याकडे झेरॉक्स आणि रात्री परत तेच वाचत बसणार, आणि शाळेत गेल्यावर तरी काहीतरी वेगळं असावं तर तिथे पीटीच्या तासालाही पेपर सोडवून घेतात.

आता मुलीचं सांगते.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला ते तुम्हाला माहीतच असेल. मुलींची फायनल रविवारी होती, आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० ने हरवलं, प्रियांका इंगळे कॅप्टन. पुरुषांचाही कप आपलाच आला. दुकान बंद करायची वेळ झाली होती पण गल्लीतल्या सात-आठ मुली काउंटरवर मोबाइल उभा करून मॅच बघत होत्या, मी शटर अर्धं ओढून घेतलं आणि बसू दिलं त्यांना. खो दिला की या इकडे ओरडायच्या. माझी तेव्हा आठवीत होती. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच, नववीत गेले की शाळेची टीम करायची आणि खेल महाकुंभात उतरायचं. खेल महाकुंभ म्हणजे राज्य सरकारच्या खेळांच्या स्पर्धा, आपल्या गुजरातेत २०१० पासून होतात, त्यात शाळेच्या टीम असतात, सतरा वर्षांखालचा गट असतो, म्हणजे नववी-दहावीच्या मुलींना अगदी बरोबर बसतो.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि बारा जणींची नावं जमली पण. नऊ खेळायला आणि तीन जादा. मैदान बघायला गेल्या तर अर्ध्या मैदानात स्कूटर-मोटारसायकली. खो-खोला दोन खांब लागतात ना, मधल्या ओळीत आठ जणी एकीआड एक उलट्या तोंडाने बसतात आणि नववी खेळाडू पाठलाग करते, तर एका टोकाचा खांब जागेवर होता आणि दुसरा पार्किंगसाठी कधी काढला कोणालाच आठवत नव्हतं. पोरींनी काय करावं, रंगाचा मोठा रिकामा डबा आणला, रेतीने भरला, त्यात बांबू खोचला, झाला खांब. चुना मिळेना तेव्हा माझ्या दुकानातून पांढऱ्या रांगोळीची पाकिटं नेली आणि दोरी ताणून रेघा मारल्या. सकाळी सव्वासहाला जायच्या, शाळा भरायच्या आधी तासभर. आमच्या गल्लीत एक कॉलेजची मुलगी आहे, ती आधी खेळलेली, ती शिकवायची. बसलेल्या मुलीच्या पाठीमागून नीट खो कसा द्यायचा, खो मिळाल्यावर एकदा दिशा धरली की मग मागे फिरायचं नाही, खांबाशी झेप कशी घ्यायची. माझ्या मुलीचे दोन्ही गुडघे सोलवटलेले असायचे, हळद लावून शाळेत जायची, पण मी खरं सांगते त्या दोन महिन्यांत तिने एकदाही उठायला कुरकुर केली नाही, आधी सातला हाक मारून मारून माझा घसा बसायचा.

आणि मग फॉर्म राहिला.

शाळेची टीम म्हणून उतरायचं तर शाळेकडूनच ऑनलाइन नावं भरावी लागतात. पोरींनी बारा नावं, जन्मतारखा, आधार नंबर सगळं एका फुलस्केपवर सुवाच्य अक्षरात लिहून ऑफिसात दिलं होतं. तो कागद ट्रेमध्ये राहिला. वर स्कॉलरशिपचे फॉर्म आले, त्यावर आणखी काही आलं, आणि शेवटची तारीख निघून गेली. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मुलगी शाळेतून थेट दुकानात आली, मला म्हणाली आई तुझ्या कॉम्प्युटरवरून बघ ना, होत असेल. मी बघितलं, दहा वेळा बघितलं, नाव भरणं बंद झालेलं. ती स्टुलावर बसली आणि तो फुलस्केप, ऑफिसमधून परत आणलेला, घडी घालत राहिली, आणखी लहान घडी, आणखी लहान, मग दप्तराच्या पुढच्या कप्प्यात टाकला. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

क्लार्कना दोष देत नाही मी. एवढ्या मोठ्या शाळेला एक क्लार्क, त्यांच्या डोक्यावर बोर्डाचे फॉर्म आणि शंभर तऱ्हेची ऑनलाइन माहिती, आणि सर-बेन मतदार यादीच्या कामाला पळणार. पण हे काम ज्याचं असतं तो माणूसच शाळेत नाही ही खरी गोष्ट आहे. व्यायाम शिक्षक. आमच्या वेळी जे सर होते ते रिटायर झाले, त्यांच्या जागी कायमचं कोणी आलंच नाही, मध्ये कराराने एक जण आले, ते वर्ष संपलं की गेले. २०२५ च्या मार्चमध्ये गांधीनगरला व्यायामाचं शिक्षण घेतलेली तरुण मुलं-मुली कायम भरती करा म्हणून रस्त्यावर आली होती, ते आपण सगळ्यांनी बातम्यांत बघितलं आणि विसरून गेलो. एका बाजूला शिकलेले शिक्षक नोकरीसाठी बसून आहेत आणि दुसऱ्या बाजूला आमच्या पोरी रंगाच्या डब्यात बांबू खोचतायत.

आणि हे कुठे, तर बडोद्यात! ज्या गावातून सयाजीराव महाराजांनी १८९३ ला त्यांच्या राज्यातल्या अमरेलीत सक्तीचं मोफत शिक्षण चालू करून बघितलं आणि १९०६ ला सगळ्या राज्याला लागू केलं. लोक फक्त तेवढंच सांगतात भाषणांत, पण महाराजांचं शिक्षण म्हणजे नुसती पाटी-पुस्तक नव्हतं. १८८६ ला मौलाबक्षांच्या हाताखाली गाण्याची शाळा काढली, तीच आज युनिव्हर्सिटीची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे. १९१० ला अमेरिकेतून बॉर्डन साहेबांना बोलावून लायब्ररीचं काम लावलं, पुस्तकांच्या पेट्या गावोगावी फिरायच्या. जुम्मादादांची व्यायामशाळा तर १८८० पासूनची, पुढे प्रोफेसर माणिकरावांनी ती देशभर नावारूपाला आणली. हुतुतूचे नियम छापून रीतसर स्पर्धा करायचं काम १९२३ च्या सुमारास इथल्याच हिंदविजय जिमखान्याने केलं. माझे बाबा क्रिकेटवेडे, ते १९४७ च्या रणजी फायनलचं सांगायचे, इंदूरच्या होळकर टीमसमोर विजय हजारे आणि गुल महंमद यांची ५७७ रनांची पार्टनरशिप, आपल्या इथल्या मैदानावर, सांगताना दर वेळी उठून उभे राहायचे. अशा गावातल्या शाळेत खो-खोचा खांब उपटून तिथे गाड्या लावतात, आणि कोणाला काही वाटत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आता मुद्द्यावर येते. २०२५ च्या जुलैपासून सरकारने पहिली ते आठवीला शनिवारी दप्तर बंद केलं, आनंदमय शनिवार. फार चांगलं केलं, मनापासून सांगते. आमच्या समोरच्या शाळेत सहावी ते आठवीही आहे त्यामुळे मला दोन्ही दिसतं. शनिवारी सकाळची शाळा असते, खाली पटांगणात (जेवढं उरलंय तेवढ्यात) छोटी मुलं योगा करतात, रस्सीखेच खेळतात, कोणी मातीची भांडी करतंय, कोणी गोष्ट सांगतंय, आणि वरच्या मजल्यावर नववी-दहावीचे वर्ग खिडक्या अर्ध्या लावून टेस्ट देत बसलेले. खालचा आवाज येतो म्हणून खिडक्या लावतात. माझी मुलगी म्हणाली, आई मी एका वर्षाने चुकले गं. मेमध्ये आठवी संपली आणि जुलैत चालू झालं.

मला कोणी सांगावं की तेरा वर्षांच्या मुलाला शनिवारी मोकळं सोडायला पाहिजे हे सरकारला पटलं तर चौदा वर्षांच्या मुलाने काय केलंय? उलट नववी-दहावीचं वय जास्त अवघड असतं, आवाज फुटतो, अंग वाढतं, राग लवकर येतो, मोबाइल हातात येतो. त्याच वयात आपण त्यांचं खेळणं-गाणं-बोलणं काढून घेतो आणि मग म्हणतो ही पिढी घुमी झाली, खोलीत दार लावून बसते. नवीन शिक्षण धोरण २०२० चं, त्यातही लिहिलंय की खेळ-कला वेगळ्या आणि अभ्यास वेगळा असं मानू नका. दहा बिनदप्तराचे दिवस त्यात सहावी ते आठवीला सांगितले आहेत, पण म्हणून नववीपासून पुढे मनाई आहे असं कुठे लिहिलंय?

बोलण्याचं एक उदाहरण देते. शाळेत प्रार्थना सभा होते रोज, पूर्वी त्यात एक मुलगा किंवा मुलगी सुविचार सांगायची, एक बातम्या वाचायची, एक जाणवा जेवुं, म्हणजे जाणून घेण्यासारखं काहीतरी. रोज वेगळा वर्ग, पाळीने सगळ्यांचा नंबर यायचा. आमच्या शेजारी एक मुलगा आहे, बोलताना अडखळतो, त्याच्या आईने वर्गशिक्षिकेला चिठ्ठी दिली होती की याला माइकवर उभं करू नका. त्या बेन फार शहाण्या, त्यांनी त्याला सांगितलं तू फक्त तारीख, वार आणि आजचं तापमान सांगायचं, तीन ओळी. पहिल्या दिवशी पोराने "सोमवार" म्हणायला किती वेळ घेतला, पाचशे मुलं उभी, आणि कोणी हसलं नाही कारण बेन समोर उभ्या होत्या. वर्षभर त्याने दर आठवड्याला तापमान सांगितलं. त्याच मुलाने पुढे शिक्षक दिनाला, ५ सप्टेंबरला, मुलंच शिक्षक होतात ना आमच्याकडे, सातवीला भूगोल शिकवला, आईची साडी पिनअप करून आलेल्या मुली आणि हा वडिलांचा शर्ट घालून. आज तो आयटीआय करून नोकरीला लागलाय, अजून अडखळतो पण फोनवर बोलतो, इंटरव्ह्यू दिला त्याने. कुठल्या ट्यूशनमध्ये झालं असतं हे? फी भरून पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटला जायची या मुलांच्या घरची ऐपत नाही, कोणाचे वडील रिक्षा चालवतात, कोणाची आई डबे करते. त्यांना जे मिळायचं ते शाळेतच. म्हणून मी म्हणते की प्रायव्हेट शाळेपेक्षा सरकारी आणि ग्रँटेड शाळेत याची जास्त गरज आहे, तिथे या मुलांच्या हातातून हे काढून घेणं म्हणजे त्यांच्याकडचं एकुलतं एक काढून घेणं आहे.

आता प्रार्थना सभा दहा मिनिटांत उरकतात, कारण शून्य तास, म्हणजे पहिल्या तासाआधीचा जादा अभ्यासाचा तास, घ्यायचा असतो.

पालकांची चूक नाही असं मी म्हणत नाही. जूनच्या मीटिंगमध्ये सर विचारतात, शनिवारी टेस्ट घेऊ का, सगळे हात वर. मी पण केला होता. भीती असते हो. दहावीला टक्के कमी आले तर सायन्स मिळणार नाही, डिप्लोमाला नंबर लागणार नाही, लोक काय म्हणतील. पण गेल्या दोन वर्षांत मी दुकानातून बघितलंय, जी मुलं खेळतात, मेळ्यात भाग घेतात तीच येऊन माझ्याकडे प्रश्न विचारतात, मासी हे पान उलटं आलंय, मासी यात उत्तर चुकलंय. बाकीची जे देईन ते घेऊन जातात. हा काही मोठा अभ्यास नाही, एका दुकानदारणीने बघितलेलं आहे, पण रोज बघितलेलं आहे.

आणखी एक, तबला. शाळेत तबल्याची जोडी आहे, हार्मोनियम आहे, आमच्या वेळी गॅदरिंगला निघायची. आता काचेच्या कपाटात आहे, किल्ली कोणाकडे ते विचारायला लागतं. मुलीच्या वर्गात एक मुलगा आहे, घरी आजोबा भजनी मंडळात वाजवतात त्यामुळे हात बसलेला, तो रिसेसमध्ये बाकावर वाजवतो आणि ओरडा खातो. कपाट उघडून द्या त्याला.

माझी मागणी फार नाहीये. नववी-दहावीला शनिवारचे शेवटचे दोन तास मोकळे द्या, बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चला असते, तर निदान जून ते डिसेंबर तरी. टेस्ट शुक्रवारी घ्या. खेल महाकुंभ, कला महाकुंभ, विज्ञान मेळा यांच्या शेवटच्या तारखा नोटीस बोर्डवर मोठ्या अक्षरात लावा आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका, आम्ही आठवण करू, आमच्यातले दोघे-तिघे येऊन फॉर्म भरून देतील, मी स्वतः देईन, कॉम्प्युटर माझ्याकडे आहेच. गाड्या लावायला दुसरी जागा बघा. व्यायाम शिक्षक कायमचे द्या ही मागणी शाळेकडे नाही, सरकारकडे आहे आणि ती मोठी आहे, पण लावून धरायला पाहिजे.

आणि आपल्या बडोद्याच्या मराठी मंडळांना एक हात जोडून विनंती. आपल्याकडे मंडळं खूप आहेत, गणपतीत व्याख्यानं, नाटकं, भजनं, कोजागिरी, सगळं आपण हौसेने करतो आणि हॉलमध्ये बघावं तर सगळी डोकी पांढरी. मुलं येत नाहीत म्हणून तक्रार करतो. मग आपण जाऊ या ना त्यांच्याकडे. ज्याला तबला येतो त्याने शनिवारी एक तास तबला शिकवावा, रिटायर झालेल्या बाईंनी वक्तृत्वाची तयारी करून घ्यावी, कोणी लेझीम, कोणी मल्लखांब. मराठीत शिकवा, गुजरातीत शिकवा, मुलांना दोन्ही येतं. शाळेचे आचार्य, म्हणजे मुख्याध्यापक, नाही म्हणणार नाहीत, मी बोलून बघितलंय, ते म्हणाले माणूस आणा, मी तास देतो. हे त्यांचं तोंडी आहे पण म्हणालेत, आणि मी ते पक्कं धरून चाललेय.

मुलीची टीम फुटलेली नाही. बारातल्या दोघींनी सोडलं, दोन नवीन आल्या, त्यातली एक आठवीतली आहे, फार चपळ. पुढच्या वर्षी यांची दहावी, घरून किती जणींना सोडतील सांगता येत नाही, म्हणून आत्ताच लिहितेय. खांबासाठी एका सुताराशी बोललेय, तो जुन्या लाकडात करून देतो म्हणाला, जागा मिळाली की खड्डा खणायचा. रांगोळीची पाकिटं आणि दोरी दुकानात वेगळी काढून ठेवली आहेत, कुठल्याही शाळेच्या पोरींना लागली तर न्या, पैसे नकोत. शनिवारी दुकान सकाळी सात वाजता उघडं असतं.

आपली,
एक पालक, दांडिया बाजार, बडोदा